आवाजाने वेफर धुण्याचं काम: खानदेशातून फॅबकडे निघणाऱ्यांसाठी

गुजरातेतल्या धोलेरा आणि साणंद ही नावं आता एरंडोल-पारोळ्याच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने धोलेऱ्याच्या टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीच्या फॅबला, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्याला, मंजुरी दिली, ९१ हजार कोटींचा आकडा पेपरात झळकला आणि तेव्हापासून गावाकडच्या फोनवर एकच प्रश्न येतो: "भाऊ, पोराला व्हीएलएसआयला घालू का?"

घाला, ना नाही. पण व्हीएलएसआय म्हणजे मुख्यतः चिपची आखणी. ते काम बंगळुरू, हैदराबाद, पुण्यात संगणकासमोर बसून होतं. चिप जिथे प्रत्यक्ष बनते त्या फॅबमध्ये लागणारी माणसं वेगळी असतात: रसायनवाले, मेकॅनिकलवाले, इन्स्ट्रुमेंटेशनवाले, डिप्लोमावाले. मी अमळनेरला केमिस्ट्रीत बीएस्सी आणि जळगावला विद्यापीठात एमएस्सी केलं. सध्या सिंगापूरच्या एका फॅबमध्ये वेट बेंचवर काम करतो. वेट बेंच म्हणजे रसायनांच्या आणि पाण्याच्या टाक्यांची रांग, जिथे सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे वेफर, धुतल्या जातात. आपल्याकडच्या मुलांना सगळ्यात जवळचा दरवाजा हाच आहे असं माझं मत आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितो.

आधी धुण्याची गरज समजून घ्या. आजच्या मोठ्या वेफरचा व्यास ३०० मिलिमीटर आणि जाडी ७७५ मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिच्यावर शेकडो पायऱ्या होतात. भट्टीत घालण्याआधी, ऑक्साइड चढवण्याआधी, नक्षी उतरवण्यासाठी लावलेला रेझिस्टचा लेप काढल्यावर, पॉलिश झाल्यावर, दरवेळी धुणं आहेच. सबंध प्रक्रियेत सगळ्यात जास्त वेळा येणारं काम हेच. आणि हे काम नळाखाली धरून होत नाही, कारण कण जितका बारीक तितका तो हट्टी. चिकटवून ठेवणारं व्हॅन डर वाल्स बल कणाच्या व्यासाच्या प्रमाणात कमी होतं, पण वाहत्या पाण्याचा रेटा साधारण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. कण दहापट लहान झाला तर पकड दहापट सैल होते आणि ढकल मात्र शंभरपट कमजोर. मुलाखतीला जाताना एवढं एक गणित जरी नीट सांगता आलं तरी समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसतो.

दुसरी अडचण पृष्ठभागालगतच्या पाण्याची. घरचा पंखा दिवसभर गरगरतो आणि तरी पात्यावर धूळ बसतेच, कारण पात्याला चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पाण्याचंही तसंच. कितीही जोरात सोडा, वेफरला लागून एक थर जवळजवळ स्थिर राहतो. हा थर शेकडो मायक्रॉन जाड असू शकतो, आणि आपला कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा. तो त्या थरात निवांत बसून राहतो. त्याला हुसकायला आवाज लागतो.

आवाजाने धुणं बघायला सिंगापूरला जायची गरज नाही. जळगावच्या सराफ बाजारात एखाद्या ओळखीच्या पेढीवर जा आणि दागिने धुण्याची छोटी स्टीलची टाकी दाखवा म्हणा. बटण दाबलं की ती चिरचिरते आणि नक्षीतला मळ ढगासारखा बाहेर येतो. तिच्यात साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज असतो. आवाजाच्या लाटेत पाण्यावरचा दाब कमी-जास्त होतो. दाब उतरतो तेव्हा बारीक बुडबुडे फुगतात, दाब चढतो तेव्हा ते आतल्या आत कोसळतात आणि कोसळताना आसपासच्या पाण्याला जबर हिसका देतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. त्याच सराफाला विचारा, या टाकीत काय टाकत नाही? मोती आणि पाचू नाही, हे तो लगेच सांगेल. ठिसूळ, भेगा असलेलं किंवा मऊ काही असलं की हाच हिसका त्याचं नुकसान करतो. टाकीत ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा थोडा वेळ सोडून बघा, टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडलेली दिसतील. परवानगी घेऊन करा, टाकी त्याची आहे.

आता वेफरवर बारीक रेघांची नक्षी असेल आणि तिला हा हिसका बसला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून फॅबमध्ये मेगासॉनिक वापरतात. ७०० किलोहर्ट्झच्या वर, बहुतेक वेळा एक मेगाहर्ट्झच्या आसपास. फरक समजायला थोडी आकडेमोड करावी लागते, आणि ती स्वतः कागदावर करा, पाठ करू नका. ४० किलोहर्ट्झला दाब उतरण्याचा अर्धा फेरा १२.५ मायक्रोसेकंद चालतो, बुडबुड्याला फुगायला भरपूर वेळ मिळतो. एक मेगाहर्ट्झला तो वेळ अर्धा मायक्रोसेकंदच. बुडबुडा लहानच राहतो आणि त्याचा फटकाही सौम्य होतो. पाण्यात ४० किलोहर्ट्झशी सूर जुळणाऱ्या बुडबुड्याची त्रिज्या ८० मायक्रॉनच्या घरात असते, एक मेगाहर्ट्झला ती तीन-साडेतीन मायक्रॉनवर येते.

आणि तो स्थिर थर? आवाजाच्या लाटेत त्याची जाडी वारंवारतेवर ठरते. सूत्र सोपं आहे: पाण्याच्या कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीची (चिकटपणा भागिले घनता) दुप्पट भागिले कोनीय वारंवारता, आणि त्याचं वर्गमूळ. पाण्यासाठी ४० किलोहर्ट्झला उत्तर येतं २.८ मायक्रॉन, एक मेगाहर्ट्झला ०.५६ मायक्रॉन. म्हणजे हलतं पाणी कणाच्या कितीतरी जवळ पोचतं. शिवाय मेगासॉनिक लाट द्रवाला एका दिशेने ढकलत राहते, तो प्रवाह सुटलेला कण उचलून नेतो. बारावीच्या फिजिक्सच्या जोरावर इथपर्यंत सहज येता येतं.

आवाज एकटा सगळं करत नाही. टाकीत बहुधा एससी-१ असतं: अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत वर्नर कर्न यांनी १९६५ च्या सुमारास ही पद्धत बसवली आणि १९७० मध्ये ती प्रसिद्ध झाली. मूळ प्रमाण १:१:५, तापमान ७० ते ८० अंश. पेरॉक्साइड सिलिकॉनवर पातळ ऑक्साइड चढवतं, अमोनिया तो हळूहळू खरवडतो, त्यामुळे कणाच्या पायाखालची जमीनच सरकते. द्रव अल्कधर्मी असल्याने वेफरचा पृष्ठभाग आणि बहुतेक कण दोन्ही ऋणभारित होतात आणि एकमेकांना दूर लोटतात. हा भाग नीट समजला की मेगासॉनिकचं खरं काम कळतं: आवाज कण सोडवतो, रसायन त्याला परत बसू देत नाही. मेगासॉनिकचा शोधही त्याच आरसीएतला, मेयर आणि श्वार्ट्झमन यांचा त्यावरचा लेख १९७९ चा आहे. आवाजाची जोड मिळाल्यामुळे आता रसायन कितीतरी पातळ आणि कमी गरम वापरता येतं, त्यात सिलिकॉनही कमी खाल्लं जातं आणि पैसाही वाचतो. धातूंचे अंश मात्र यातून सगळे जात नाहीत, त्यासाठी पुढच्या टाकीत हायड्रोक्लोरिक ॲसिडवालं एससी-२ असतं.

यंत्राकडे वळू. टाकी क्वार्ट्झची, कारण आतलं रसायन स्टीलमधले धातू वेफरवर आणेल. आवाज निर्माण करणाऱ्या पीझेडटीच्या पट्ट्या, म्हणजे लेड झिर्कोनेट टायटेनेटचे ट्रान्सड्यूसर, रसायनाला लागू द्यायचे नसतात. म्हणून क्वार्ट्झची टाकी दुसऱ्या, पाणी भरलेल्या टाकीत बसवतात. ट्रान्सड्यूसर खालून त्या पाण्यात आवाज सोडतात आणि तो क्वार्ट्झचा तळ ओलांडून आत जातो. तळाची जाडी आवाजाच्या क्वार्ट्झमधल्या अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत लागते. एक मेगाहर्ट्झला ती अर्धी लांबी तीन मिलिमीटरच्या आसपास. जाडी चुकली की आवाज तळावरूनच परत फिरतो. वेफर कॅसेटमध्ये उभ्या असतात, एका कॅसेटमध्ये सहसा पंचवीस. टाकी काठोकाठ भरून सतत ओसंडत ठेवतात, म्हणजे सुटलेले कण वरून वाहून जातात.

एवढ्या वरच्या वारंवारतेचा आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो, कोपऱ्यातून वळत नाही. पाण्यात त्याची तरंगलांबी दीड मिलिमीटर, त्यामुळे वाटेत कॅसेटची पट्टी आली की तिच्यामागे सावली पडते. म्हणून चांगल्या बेंचवर रोबोट वेफर हलक्या वर-खाली झुलवतो. पहिल्या आठवड्यात नवीन माणसाने टाकीसमोर उभं राहून एवढंच बघावं: ट्रान्सड्यूसरला वीज पुरवणारा जनरेटर चालू झाला की ट्रान्सड्यूसरच्या बरोबर वर द्रवाचा पृष्ठभाग किंचित उचलला जातो, त्या उंचवट्यावर बारीक थरथर असते आणि कधी धुक्यासारखा फवारा. उंचवटे एका रांगेत सारखे दिसले पाहिजेत. एखादा बसका दिसला तर तिथे काहीतरी आहे. कानाने काही कळत नाही, माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे बहिरा असतो.

आमच्याकडे एकदा धुतलेल्या वेफरच्या नकाशात खालच्या डाव्या कडेपासून मध्यापर्यंत ठिपक्यांचा पट्टा यायला लागला. नकाशा म्हणजे लेझरने पृष्ठभाग तपासून जिथे प्रकाश विखुरतो तिथे ठिपका मांडणारं यंत्र काढतं ते चित्र. बाकी वेफर लख्ख, पट्टा तेवढा तसाच, आणि कॅसेटमधल्या सगळ्या वेफरवर त्याच जागी. रसायनाचं प्रमाण तपासलं, फिल्टर बदलले, पट्टा हलेना. जनरेटरवर पुढे जाणारी शक्ती ठीक होती, परत येणारी थोडी वाढलेली होती. शेवटी टेक्निशियनने बाहेरच्या टाकीच्या बाजूने टॉर्च मारला. क्वार्ट्झच्या तळाला खालून चंदेरी बुडबुड्यांची रांग चिकटली होती. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर आवाज जवळजवळ सगळाच परत फिरतो, म्हणजे त्या रांगेच्या वर अंधारच. बाहेरच्या पाण्यातली हवा काढणाऱ्या युनिटचा व्हॅक्यूम पंप कमजोर झाला होता. पंप बदलला, पट्टा गेला.

यातली मेख अशी की बाहेरच्या पाण्यात विरलेली हवा नको, पण आतल्या धुण्याच्या द्रवात थोडा वायू विरलेला हवाच. तो पूर्ण काढून टाकला तर कॅव्हिटेशन मंदावतं आणि कण निघेनासे होतात. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि 'हवा वाईट' एवढंच पाठ केलेली मुलं तिथे अडकतात.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: द्रवाची पातळी खाली गेलेली असताना मेगासॉनिक चालू करायचं नाही. पाण्यात जाणारी ऊर्जा ट्रान्सड्यूसरमध्येच कोंडते आणि त्याला चिकटवणारा थर क्षणात जळतो. त्यासाठी इंटरलॉक, म्हणजे अशा वेळी यंत्र चालूच होऊ न देणारी सोय, असतो. इंटरलॉक बायपास करा असं कुणी वरिष्ठ म्हणाला तरी लेखी मागा.

मेगासॉनिक म्हणजे रामबाण नव्हे, हेही सांगून ठेवतो. सौम्य असलं तरी अगदी बारीक, उंच आणि निमुळत्या रेघा त्याने मोडतात. त्यामुळे सगळ्यात पुढच्या पिढीच्या चिपमध्ये नाजूक थरांवर एकेक वेफर फिरवून बारीक थेंबांच्या फवाऱ्याने धुण्याकडे कल गेला. पण कोऱ्या वेफर, पॉलिशनंतरची धुलाई, फोटोमास्क (नक्षीचे काचेचे साचे) आणि जाड रेघांच्या जुन्या तंत्रज्ञानात मेगासॉनिक आजही आहे. आपल्याकडे मोहालीच्या एससीएलमध्ये, म्हणजे सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटरचं काम चालतं, ती याच जातकुळीतली दुनिया.

आता तयारीचं. खानदेशात बसून काय करता येईल, हा खरा प्रश्न. सगळ्यात आधी पाणी शिका. फॅबमधलं पाणी २५ अंशांना १८.२ मेगाओहम-सेंटीमीटर रोधकतेचं असतं, म्हणजे वाहकता ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर. याच्या खालोखालचं पाणी तुमच्या उंबऱ्याशी बनतं. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरसाठी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी लागतं, तिथल्या केमिस्टला आयन एक्स्चेंज रेझिन, वाहकता आणि पीपीबीतली (अब्जात एक भाग अशा मापातली) सिलिका यांची रोजची सवय असते. अशा ठिकाणी ॲप्रेंटिसशिप मिळाली तर 'हे तर पॉवर प्लांटचं काम' म्हणून सोडू नका. मुलाखतीत असल्या अनुभवाला मार्कांपेक्षा जास्त वजन मिळालेलं मी पाहिलंय. जळगावच्या विद्यापीठात केमिकलला, म्हणजे तिथल्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या युआयसीटी संस्थेत असाल तर पृष्ठभागावरचा विद्युतभार, म्हणजे झीटा पोटेन्शियल, हा विषय मनापासून करा. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी इम्पिडन्स मॅचिंग, म्हणजे शक्ती परत न फिरता पुढे जाईल अशी जुळणी, करावं, जनरेटर आणि ट्रान्सड्यूसर यांचं भांडण तिथेच सुटतं.

दुसरं, आयएनयूपी, म्हणजे इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम. आयआयटी मुंबई, आयआयएस्सी बंगळुरू अशा संस्थांच्या नॅनोफॅब्रिकेशन केंद्रांत बाहेरच्या कॉलेजातल्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी ओळख कार्यशाळा आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण होतं. खानदेशातल्या कॉलेजांतून यासाठी फार कमी अर्ज जातात असं माझं निरीक्षण आहे, कारण ते कुणी सांगतच नाही. तुमच्या प्राध्यापकांच्या मागे लागा. खऱ्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळमुक्त खोलीत, एकदा पाऊल पडलं की पुस्तकातली पानं बोलायला लागतात. डिप्लोमाकडे वळणाऱ्यांनी एआयसीटीईने २०२३ मध्ये आणलेला आयसी मॅन्युफॅक्चरिंगचा, म्हणजे चिप बनवण्याचा, अभ्यासक्रम बघावा, पण जवळच्या कॉलेजात तो नुसता नावापुरता आहे की प्रयोगशाळाही आहे, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघा. माहितीपुस्तकातल्या फोटोवर जाऊ नका.

तिसरं, मागचं दार: सोलर सेलचे कारखाने. गुजरातेत ते बरेच आहेत, आणि तिथेही वेट बेंचवर सिलिकॉनच धुतलं जातं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पोत काढणं, हायड्रोफ्लोरिक ॲसिडने ऑक्साइड काढणं, रिन्स, ड्राय. शुद्धतेच्या अटी फॅबपेक्षा ढिल्या असतात, पण रसायनांशी शिस्तीने वागण्याची सवय तिथे लागते. साणंदचे प्रकल्प मात्र पॅकेजिंगचे, म्हणजे तयार चिप आवरणात बसवण्याचे आहेत, तिथली साफसफाई वेगळ्या प्रकारची. नोकरी चांगलीच आहे, पण मेगासॉनिक टाक्या डोक्यात धरून तिकडे गेलात तर हिरमोड होईल. अंतराचं फार मनावर घेऊ नका. भुसावळ-सुरत लाइनवर गाडी लागली की अमळनेर, नंदुरबार, सुरत, आणि उधना-लिंबायतमध्ये प्रत्येकाचा एखादा मामा किंवा आतेभाऊ निघतोच.

सुरक्षेबद्दल थोडं कडक बोलतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीवर पडलं तर पातळ असताना सुरुवातीला दुखतही नाही, आणि ते आत शिरून कॅल्शियम खातं. लगेच भरपूर पाणी, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि डॉक्टर, या क्रमात. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, हे शाळेत शिकलेलं इथे रोज लागतं. चालू मेगासॉनिक टाकीत बोट घालून बघण्याची हौस कुणी करू नये.

राहणीमानाचं म्हणाल तर पांढरा सूट, हूड, दोन थरांचे हातमोजे, आणि बऱ्याच ठिकाणी बारा तासांची पाळी. पावडर, काजळ, कुंकू, सगळं बाहेर. घामातलं सोडियम ट्रान्झिस्टरमधल्या पातळ ऑक्साइडच्या थरात (गेट ऑक्साइडमध्ये) शिरलं तर ट्रान्झिस्टरचा तोलच बिघडतो, म्हणून वेफरला उघडा हात कधी लागत नाही. तंबाखू-गुटख्याची सवय असेल तर ती आधी सोडा. इथे नीतीचा प्रश्न नाही, पण अर्ध्या पाळीत सूट उतरवून बाहेर जायचं आणि परत सगळं चढवायचं, हे कुणाला झेपत नाही, आणि धूम्रपान करून आलेल्या माणसाच्या श्वासातून कण पडत राहतात हे मोजलेलं आहे.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मराठी माध्यमाची मुलं मला भीत भीत विचारतात, "भो, तिकडे बोलायला जमेल का?" बोलण्यापेक्षा लिहायला जमलं पाहिजे. पाळी संपताना पुढच्याला नोंद द्यायची असते: किती वाजता काय दिसलं, कोणता आकडा किती होता, काय केलं, काय बाकी आहे. चार सरळ वाक्यं. घरी महिनाभर कुठल्याही यंत्राची, अगदी शेतातल्या ठिबकच्या फिल्टरची, दाबाच्या आकड्यांसह अशी नोंद ठेवा आणि ती वही मुलाखतीला सोबत न्या.